मत्स्यालयात गर्दी नसण्याची वेळ

खरं सांगा, "फार गर्दी असेल हो" असं म्हणून तुम्ही कुठे जायचं रद्द करता, तेव्हा ती गर्दी म्हणजे नेमकं कोण, हे कधी स्वतःला विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं. पुण्यातल्या एका बागेतल्या मत्स्यालयाच्या तिकीट खिडकीत मी तीन वर्षं बसले. बाहेरच्यांना वाटतं, खिडकीवर लोक माशांबद्दल विचारत असतील. अजिबात नाही. तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "गर्दी केव्हा नसते?" आणि तो विचारायची एक पद्धत होती. माणूस गजांशी तोंड आणायचा, आवाज खाली घ्यायचा आणि मागे उभ्या असलेल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारायचा. जणू मी त्याला सरकारी गुपित सांगणार होते.

मत्स्यालय म्हणजे एक लांबट अंधारा हॉल. दोन्ही बाजूंना भिंतीत बसवलेल्या टाक्या, आणि शेवटी एक मोठी टाकी, बैलगाडीएवढी. तिच्यात कटला आणि दोन मरळ. हॉलमध्ये दिवा नाही, उजेड फक्त टाक्यांतला. "महापालिकेला बल्ब परवडत नाही का?" असं विचारणाऱ्याला मी सांगायचे की तुम्ही उजेडात उभे राहिलात तर मासा तुम्हाला बघतो आणि घाबरतो. यावर एकजण शांतपणे म्हणाले होते, "घरीही तसंच होतं."

माशांचं सगळं बघायचे सदूभाऊ. मांजरी गावाहून सायकलवर यायचे. त्यांचं खरं काम माशांचं नसून पाण्याचं होतं. खडकवासल्याचं पाणी नळाला येतं ते औषध घालून. आपल्याला ते बरं, पण थेट टाकीत सोडलं तर मासे सकाळपर्यंत पोट वर करून तरंगतात. म्हणून ते पाणी मागच्या अंगणातल्या उघड्या हौदात दोन दिवस ठेवायचं. औषध उडालं की नाही, हे सदूभाऊ ओंजळीत पाणी घेऊन वासावरून ठरवायचे. एका मे महिन्यात दुपारभर वीज गेली. टाक्यांत हवा सोडणारे पंप बंद पडले, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. तेव्हा सदूभाऊंनी माझ्या हातात एक तांब्या दिला आणि म्हणाले, "ताई, पाणी उंचावरून वता. वतत ऱ्हावा." मी दोन तास पाणी काढून पुन्हा त्याच टाकीत ओतत होते. बाहेर खिडकीवर एक गृहस्थ तेवढा वेळ थांबले होते. मी घामाघूम होऊन परत आल्यावर ते म्हणाले, "आत्ता गर्दी नसेल ना?"

तर गर्दी.

माझ्या घरची थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर पुढे मी जे केलं ते तुम्हाला वेडेपणाचं वाटेल. (नंतरही वाटेल. पण कारण कळेल.) माझे वडील शनिवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात जुळारी होते. खिळा खिळा जुळवून मजकूर उभा करणं हे त्यांचं काम. आई महागाईविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात. आमच्या घरात बाराखडी पुस्तकावरून नव्हे, पत्रकांवरून शिकवली गेली. इतर मुली सागरगोटे खेळत तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत असे. आईचा नियम होता की पत्रक चार ओळींचं असावं, पाचवी ओळ वाचणाऱ्याने स्वतः करायची असते. जगातला कुठलाही अन्याय चार ओळी छापून वाटल्या की दूर होतो, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनवर पौराणिक मालिका लागायची. तुम्हाला आठवत असेल. तो तासभर पुण्याचे रस्ते असे रिकामे व्हायचे की लक्ष्मी रस्त्यावर मधोमध पथारी टाकून झोपावं. मत्स्यालय रविवारी साडेनऊला उघडायचं आणि साडेदहापर्यंत आत चिटपाखरू नसायचं. सदूभाऊ दार उघडून देऊन कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे मालिका बघायला जायचे. मी एकटी माशांसमोर बसायचे. गर्दी नसण्याची खरी वेळ हीच, आणि ती फक्त मला ठाऊक होती.

एका गुरुवारी नसीमाआपा खिडकीवर आल्या. मोमीनपुऱ्यात त्यांचं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान आहे. निम्म्या पेठांच्या साड्यांच्या कडा त्यांच्या हातून जातात. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, पण आवाज खाली न आणता. त्यांची आई ऐंशीच्या घरातली. दोन वर्षांपूर्वी बसस्टॉपवरच्या ढकलाढकलीत पडली आणि खुबा मोडला. आता चार पायांचा वॉकर घेऊन चालते आणि गर्दी दिसली की जागच्या जागी थिजते. दोनदा तिला रिक्षातून मत्स्यालयाच्या फाटकापर्यंत आणलं होतं. एकदा शाळेची सहल होती, एकदा दिवाळीची सुट्टी. दोन्ही वेळा अम्मी रिक्षातून उतरलीच नाही.

"आता तिसऱ्यांदा आणलं आणि परत न्यावं लागलं तर ती पुन्हा घराबाहेर पडणार नाही," नसीमाआपा म्हणाल्या. "तसं तिनं सांगूनच टाकलंय."

मासे बघायचं इतकं वेड का, असं मी विचारलं. त्यावर त्या हसायला लागल्या. अम्मीला मासे बघायचेच नव्हते. तिला टाकी बघायची होती. मत्स्यालय बांधलं तेव्हा मोठ्या टाकीची लोखंडी चौकट आणि काचेच्या फटी बुजवायचं पुटिंग नसीमाआपांच्या अब्बांनी केलं होतं. रविवार पेठेत त्यांचं लोखंडी कामाचं दुकान होतं. मरेपर्यंत ते जेवताना सांगायचे की एवढं पाणी आहे, पण एक थेंब गळत नाही. अम्मीने ती टाकी कधी पाहिली नव्हती. आता अब्बा जाऊन चार वर्षं झाली, आणि तिच्या डोक्यात एकच होतं: गळते की नाही, ते स्वतः हात लावून बघायचं.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "या रविवारी टाक्या धुवायच्यात, पुढच्या रविवारी साडेनऊला आणा. आत एकही माणूस नसेल. माझा शब्द."

नसीमाआपा गेल्या. त्यांच्या मागे केळकरकाका उभे होते. सदाशिव पेठेतले निवृत्त हेडक्लार्क. दर गुरुवारी फायटर मासा बघायला येणारे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दोन वर्षं येतोय आम्ही," ते म्हणाले. "आम्हाला नाही कधी सांगितलंत. ओळख लागते वाटतं."

माझ्या अंगाला हे वाक्य इंगळी डसल्यासारखं डसलं. वशिला! मी, जिने वशिलेबाजीविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या वयाच्या सहाव्या वर्षी घातल्या, ती मी गजाआडून वशिल्याने रिकामा तास वाटत होते. ज्ञान मूठभरांच्या हाती ठेवणं म्हणजे काय हे आमच्या घरात मला वेगळं शिकवायला लागत नव्हतं. त्याच संध्याकाळी मी बसले आणि चार ओळी लिहिल्या. वडील जेवण थंड होऊ देऊन छापखान्यात गेले आणि त्यांनी त्या जुळवल्या. जड अक्षरात:

"मत्स्यालय सर्वांचे आहे. गर्दीची शिक्षा कुणालाच नको.
दुपारी दोन ते चार: मंगळवार कसबा, बुधवार नारायण, गुरुवार सदाशिव, शुक्रवार शनिवार पेठ.
शनिवारी सकाळी: खडकीचे कारखाना कामगार. उरलेल्या पेठांनी उरलेल्या वेळा वाटून घ्याव्यात.
रविवारी साडेनऊ ते साडेदहा मालिकेमुळे कुणीही फिरकत नाही. ही वेळ वृद्धांसाठी मोकळी ठेवावी."

बघा, काय योजना होती! पुणे शहराची गर्दी मी वारांमध्ये चिरून वाटली होती. एका पेठेतल्या लोकांनी दुसऱ्या पेठेतल्यांच्या पायात पाय घालायचं कारणच उरणार नव्हतं. आणि अम्मीच्या तासाला मी कुंपणही घातलं होतं. पेपर टाकणाऱ्यांनी ती पत्रकं वर्तमानपत्रांत घालून घरोघर पोचवली. मी त्या आठवड्यात जमिनीच्या वीतभर वरून चालत होते.

आई तेवढी म्हणाली, "चौथी ओळ नको होती."

"का? खोटी आहे का?"

"खरी आहे म्हणूनच."

मला वाटलं, आई म्हातारी झाली.

सोमवारी गुरुवार पेठेतले एक गृहस्थ पत्रक हातात घेऊन आले आणि "उरलेल्या पेठा" या शब्दांबद्दल निषेध नोंदवून, मासे न बघता गेले. मंगळवारी कसब्याची पाळी. दुपारी दोन वाजले, अडीच वाजले, कसब्याचं कुणीच येईना. बुधवारी नारायण पेठ गैरहजर. मी खूश! म्हणजे लोक इतके शहाणे की आपसातच ठरवून विरळ येताहेत. गुरुवारी केळकरकाकाही आले नाहीत, तेव्हा मात्र मला जरा चुकल्यासारखं वाटलं.

सदूभाऊ फक्त एवढंच म्हणाले, "ताई, हौदाला मुंग्या लागल्या न्हाईत म्हंजे मुंग्या दुसरीकडं कुठंतरी हायत."

त्या कुठे होत्या ते रविवारी सकाळी सव्वानऊला कळलं. मी बागेच्या फाटकाशी वळले आणि सायकलचा ब्रेक लावला. स्कूटर, लुना, सायकली, रिक्षा. फाटकापासून मत्स्यालयाच्या दारापर्यंत माणसंच माणसं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव: हे बाकीचे इथे काय करताहेत?

प्रत्येकाने केलेला हिशेब अगदी बरोबर होता. कसब्याच्या वेळी कसबा जमणार, मग तेव्हा कशाला जा? त्यापेक्षा जेव्हा कुणीच फिरकत नाही असं छापून आलंय, तेव्हाच जाऊ. आणि वेळ वृद्धांची म्हणून? घरटी एक वृद्ध बरोबर आणला होता. आयुष्यात ज्यांना कुणी बागेत नेलं नव्हतं असे आजोबा त्या दिवशी पास म्हणून निघाले होते. एका आजोबांच्या मागे मी नऊ माणसं मोजली.

केळकरकाका रांगेत चौथे होते. मालिका चुकली ना तुमची, असं मी कसंबसं विचारलं.

"गोष्ट लहानपणापासून पाठ आहे," ते म्हणाले. "शेवट बदलणार नाही."

सदूभाऊंनी दार उघडलं आणि दहा मिनिटांत हॉल भरला. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचीही मालिका चुकली होती. मोठ्या टाकीसमोर तर पाच-सहा ओळी खांद्याला खांदा लावून उभ्या. पुढचे हलत नाहीत, मागचे टाचा उंचावताहेत, मधले "सरका हो" म्हणताहेत. काचेवर टकटक सुरू झाली. हे मत्स्यालयातलं सगळ्यात मोठं पाप. आपण पातेल्यात बसलोय आणि बाहेरून कुणी पळीने ठोकतंय, असं समजा. दोन्ही मरळ दगडाखाली शिरले.

पावणेदहाला फाटकाशी रिक्षा थांबली. मी खिडकी सोडून धावले. नसीमाआपांनी आधी उतरून वॉकर उघडला. आत पांढऱ्या ओढणीतल्या अम्मी, चष्मा पुसत. त्यांनी चष्मा लावला, दाराकडे पाहिलं आणि वॉकरवर ठेवलेला हात मागे घेतला. नसीमाआपांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी पळत हॉलमध्ये गेले, सदूभाऊंचं स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. मोर्चातला आवाज काढला. ते पत्रक मी काढलं, असं सांगितलं. बाहेर एक आजी थांबल्या आहेत, त्यांच्या नवऱ्याने ही टाकी बांधली, त्यांना गर्दीत येता येत नाही, सगळ्यांनी बाहेर व्हा, असं सांगितलं. सगळे थांबले. मग कुणीतरी शेजारच्याला विचारलं की तुम्ही कुठले. तो म्हणाला कसबा. "मग तुमची पाळी मंगळवारी होती. तुम्ही बाहेर व्हा." "तुम्ही कुठले?" "नारायण." "वा! तुमची बुधवारी." झालं. हॉलभर तेच. माझ्या पत्रकाची कलमं माणसं एकमेकांच्या तोंडावर फेकत होती, आणि एकही माणूस हलत नव्हता. प्रत्येकाजवळ वृद्ध होता आणि प्रत्येक वृद्धाजवळ हक्क. माझ्या आयुष्यात माझं लिखाण इतक्या बारकाईने कुणी वाचलं नव्हतं.

या आवाजात वॉकरचा ठक-ठक आवाज मला आधी ऐकूच आला नाही. अम्मी दारात आल्या होत्या. नसीमाआपांनी नंतर सांगितलं की भांडण ऐकून त्या रिक्षातून उतरल्या. गर्दीची भीती होती, पण टाकीवरून भांडण चाललंय म्हटल्यावर त्यांना राहवेना.

त्या दारातच थांबल्या. त्यांनी अंधारात उभ्या असलेल्या त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि अस्सल पुणेरी मराठीत विचारलं, "घरी टीव्ही उभ्यानं बघता का?"

उंचावलेल्या टाचा खाली आल्या.

"पंचवीस माणसं बसतात आमच्या खोलीत, एका टीव्हीसमोर. सगळ्यांना दिसतं. ही पण काचच आहे ना?"

हसावं की रागवावं ते कुणाला ठरवता येईना. मग केळकरकाकांनी काखेतला पेपर काढला, नीट उलगडला, मोठ्या टाकीसमोरच्या फरशीवर अंथरला, धोतर सावरलं आणि मांडी घातली. पाठीमागच्याला मान न वळवता म्हणाले, "बसा. का निमंत्रण छापू?"

पहिली ओळ बसली. मग दुसरी बसली, कारण बसलेल्यांच्या मागे उभं राहणं वेडगळ दिसतं. मग पुढचं सगळं आपोआप. बायकांनी मुलं मांडीत घेतली, आजोबांना भिंतीला टेकायला जागा मिळाली. आणि अहो, अख्खी टाकी दिसायला लागली! मागच्या भिंतीपासून पुढच्या काचेपर्यंत मध्ये फक्त डोकी. काचेपर्यंत कुणाचा हात पोचेना, म्हणून टकटक थांबली. थोड्या वेळाने एक मरळ दगडाखालून बाहेर आला आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास घेतला. मला इतकं हसू येत होतं की मी स्टुलावरून उतरायचं विसरले. शेवटी सदूभाऊंनी "ताई, उतरा, टाकी झाकती हाय" असं सांगितलं आणि ते स्टूल टाकीपाशी नेऊन ठेवलं.

बसलेल्यांनी गुडघे आवळून उजव्या भिंतीकडेने वाट केली. अम्मी एकेक पाऊल टाकत टाकीपाशी गेल्या. स्टुलावर बसल्या. कटल्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. आधी पोचेल तितक्या उंचीवर चौकटीवरून हात फिरवला, मग उभ्या पट्टीवरून खाली आणला. मग वाकून तर्जनी टाकीच्या तळाच्या कडेवरून उजव्या कोपऱ्यापर्यंत, सावकाश, फिरवली. सगळा हॉल त्या बोटाकडे बघत होता. त्यांनी बोट उजेडात धरलं.

ओलं होतं.

सदूभाऊ घाईघाईने म्हणाले, "आत्ताच फडकं मारलं हाय मी, अम्मी. त्येचं पाणी हाय."

मला माहीत होतं की उजव्या कोपऱ्याला ती टाकी पहिल्यापासून झिरपते. सदूभाऊ दर चार महिन्यांनी तिथे मेण भरतात. अम्मींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ओल्या बोटाकडे, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"बेटा, तू भला माणूस आहेस," त्या म्हणाल्या. "पण चाळीस वर्षं त्यांनी माझ्या भाजीत मीठ जास्त म्हणून खोड काढली. आज मी घरी जाऊन त्यांच्या फोटोसमोर हे बोट धरणार आहे."

पहिल्या ओळीने ऐकलं आणि मागच्या ओळीला सांगितलं, तिने तिच्या मागच्या. हसू ओळीओळीने मागे गेलं. केळकरकाका म्हणाले, "थेंबभरच आहे हो. आमच्याकडे तर नवं छत गळतंय." अम्मी पाऊण तास बसून होत्या. शेवटी शेवटी मासेही बघितले. कटला त्यांना फार आवडला नाही, त्याचं तोंड त्यांच्या मोठ्या जावेसारखं होतं म्हणे.

सोमवारी वरून मेमो आला: विनापरवानगी पत्रक काढल्याबद्दल खुलासा करा. मी चार पानी खुलासा दिला. तो परत आला, चार ओळींत द्या म्हणून. मग मात्र मला लिहिता येईना. कारण माझी चूक चार ओळींत मावत नव्हती. माणसांनी एकमेकांना कसं टाळावं, एवढंच मी छापून वाटलं होतं. पेठा वेगळ्या काढल्या, म्हातारे वेगळे काढले, कामगार वेगळे काढले, आणि त्याला समता म्हटलं. एकाने दुसऱ्याच्या शेजारी बसण्याची सोय मी कुठेच लिहिली नाही. ती सोय चौथीपर्यंत शिकलेल्या, गर्दीला घाबरणाऱ्या बाईने एका वाक्यात केली. खुलाशात शेवटी मी एवढंच लिहिलं, "माझी योजना चुकली, टाकीसमोर सतरंजी मंजूर करावी." सतरंजी मंजूर झाली नाही. नोकरी आणखी वर्षभर टिकली, मग मी सोडली.

खंत आहे. रविवारचा तो रिकामा तास पुन्हा कधी मिळाला नाही, मालिका संपल्यावर तर नाहीच. सदूभाऊंचा एक भाग माझ्यामुळे चुकला, तो त्यांनी मला वर्षभर विचारून विचारून माझ्याकडून वदवून घेतला, आणि मी तर एकही भाग पाहिला नव्हता.

आता दिवाळीची सुट्टी लागली आहे, आणि हा दिवाळी अंक हातात असलेल्या पुष्कळांच्या घरी आत्ता "मत्स्यालयात केव्हा गर्दी नसते" याची खलबतं चालू असतील. गर्दी असतेच. तुम्ही पोचलात की होते. तेव्हा माझी विनंती अशी आहे. जरूर जा, आणि घरातल्या ज्या माणसाला "तुला नाही झेपणार" म्हणून मागे ठेवता, त्याला पास म्हणून नाही, खरोखरीचं घेऊन जा. आणि ढकलत ढकलत कधीतरी पहिल्या ओळीत पोचलात, काच अगदी नाकासमोर आली, की मान वळवून मागे किती आहेत ते बघू नका. तिथेच, फरशीवर, खाली बसा.